'वत्सला'चा खालचा डेक

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

ऑगस्टपासून गोडाऊन रिकामं आहे. अकरा वर्षं मी या गेटच्या रजिस्टरात गाड्या लिहिल्या. नंबर, ड्रायव्हरचं नाव, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. कंपनीने माल दुसरीकडे हलवला, गाड्या थांबल्या, तरी सकाळी नऊला खुर्चीत बसलं की हात आपोआप पेनाकडे जातो. म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर आजपासून स्वतःचंच लिहितो.

माधवशेठनी मला काढलं नाही. गोडाऊनच्या मागची खोलीही काढून घेतली नाही. रीमा, धम्मदिना आणि मी तिथेच राहतो. धम्मदिनाचं यंदा दहावीचं वर्ष आहे. परीक्षा होईपर्यंत खोली सुटू नये, एवढंच मनात असतं.

आज शेठ स्वतः आले. म्हणाले, "नरेंद्र, सिनेमावाल्यांना दिलंय तीन महिने. तू आहेसच. त्यांना काय हवं नको ते बघ, आणि ते सांगतील ते कर. मला कुणाची तक्रार नको."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत गोडाऊन ओळखू येईना. मधोमध लोखंडी हौद उभा केलाय, छातीएवढ्या पाण्याचा. त्यात लाकूड आणि पत्र्याची अर्धी बोट. बोट चार साखळ्यांवर टांगली आहे. चेनपुली ओढली की एका अंगाला कलते आणि पाणी आत येतं.

दिग्दर्शकाची असिस्टंट हेमाली नावाची मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची, सतत धावणारी. तिने मला गोष्ट सांगितली. सत्तर वर्षांपूर्वी आषाढात 'वत्सला' नावाची लॉन्च भिवंडी बंदरातून निघाली आणि कशेळीच्या अलीकडे खाडीत बुडाली. सिनेमात लॉन्चवरच्या तिकीट क्लार्कचं आणि भिवंडीतल्या एका वकिलाच्या मुलीचं प्रेम आहे. ती वरच्या डेकवर बसलेली. तो तिला वाचवतो आणि स्वतः बुडतो. सांगताना हेमालीचे डोळे भरून आले.

मी विचारलं, "हे खरंच झालं होतं?"

"बोट बुडाली ते खरं. प्रेम आमचं."

"आणि खालच्या डेकवर कोण होतं?"

"बाजारहाट करून परतणारी माणसं. बुडाली ती बहुतेक तिथलीच. तोच डेक आपण इथे बांधलाय, दादा."

१९ नोव्हेंबर, बुधवार

बुडायला साठ माणसं हवीत. हेमाली म्हणाली, आसपासचीच आणा, चेहरे इथले वाटले पाहिजेत. मी पहिला फोन दामूला केला. दामू माझ्या हाताखाली नऊ वर्षं लोडिंगला होता. कंपनी गेल्यापासून रोज सकाळी नाक्यावर उभा राहतो, काम मिळालं तर मिळालं.

"भाऊ, इतकी वर्षं खोकी उचलली," तो म्हणाला, "आता बुडायचं काम? जमेल. बसल्या जागी व्हायचंय ना?"

त्याने राहनाळमधून वीसेक जण आणले. बाकीचे लूमच्या पट्ट्यातले, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात येणारे.

दुपारी जेवायला वाढताना रीमा म्हणाली, "बायकापण लागणार आहेत म्हणे."

"लागतील."

"मी जाऊ? नुसतं बसायचंच तर आहे."

"बसायला घर आहे," मी म्हणालो.

तिने भाकरी उलटली. मी काही वाईट बोललो नाही. लग्नानंतर ती कल्याण नाक्यावर शिवणकामाला जायची, ते मी बंद केलं तेव्हाही आवाज चढवला नव्हता. आमच्या घरात कधी आरडाओरडा झालेला शेजाऱ्यांनी ऐकलेला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हेमाली प्यायचं पाणी मागायला खोलीवर आली आणि रीमाला बघून तिथेच थांबली. हाच चेहरा हवा म्हणाली. मी नको म्हणालो, तर तिने शेठच्या कानावर घातलं. शेठ हसले. "काय हरकत आहे रे? तुझ्या डोळ्यांसमोरच तर आहे."

रीमाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पण तासाभरात केस धुऊन, उन्हात बसून, वाळवून तयार.

तिच्या शेजारी बाकावर कशेळीची ठमाबाई बसते. पंचाहत्तरची असेल, शेअर रिक्षाने येते. ती कुणाच्या सांगण्यावरून आली नाही. खाडीवर बातमी कळली आणि स्वतः येऊन हेमालीला म्हणाली, "माजी आय गेली त्या लाँचीत. मला बसू दे गो तितं." हेमालीने ठमाबाईला पुढच्या बाकावर बसवलं, कॅमेऱ्याच्या बाजूला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रीमाला वाक्य मिळालं. साठ माणसांत एकटीला. खालच्या डेकचं दार बाहेरून बंद आहे, पाणी चढतंय, आणि ती ओरडते, "दार उघडा हो, पोरं आहेत आत!"

संध्याकाळी ती स्टोव्हपाशी हेच म्हणत होती. धम्मदिना हातात कागद धरून परीक्षकासारखी बसली होती. "आई, आत्ताचं खोटं वाटलं. परत." पुन्हा. "हे चांगलं होतं."

मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पाच-सहा वेळा ऐकल्यावर म्हणालो, "पुरे आता, शेजारी काय म्हणतील."

"इथे शेजारी कुठे आहेत, बाबा?" धम्मदिना म्हणाली. खरं आहे. मागे नाला, पुढे गोडाऊन. तरी मला तसं वाटलं ते वाटलंच.

२ डिसेंबर, मंगळवार

कुणीतरी हिरोचा भिजलेल्या कपड्यातला फोटो काढून सगळीकडे पाठवला. वरून फार आरडाओरडा झाला. आजपासून नवीन नियम: आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन पिशवीत, हेमालीचा आणि माझा सोडून. शूटिंग चालू असताना मोठं शटर खाली. जा-ये फक्त बाजूच्या लहान दारातून, त्याला आतून-बाहेरून किल्लीने चालणारं कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे.

तो माणूस मी. हेमाली म्हणाली, "दादा, तुमच्याइतका भरवशाचा इथे दुसरा कोण आहे?" शेठनीही फोन करून सांगितलं, "तुझ्याकडेच ठेव."

शिफ्टच्या लोकांनी कुरकुर केली. एक जण म्हणाला, "जेल है क्या?" मी म्हणालो, "ऑर्डर है." बऱ्याच दिवसांनी कामाचा माणूस असल्यासारखं वाटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

गोडाऊनला मागे आणखी एक दार आहे. त्याच्यापुढे प्लायवूडचे पडदे आणि कपड्यांच्या ट्रंका रचून ठेवल्यात. दार दिसतसुद्धा नाही. सेटच्या मुकादमाला सांगितलं, हे मोकळं ठेवावं लागतं, कंपनीच्या वेळी तपासणीला यायचे. तो म्हणाला, "दो दिन में हटा देंगे." हेमालीलाही सांगितलं. ती धावता धावता "हो हो" म्हणाली.

मी आपलं इथे लिहून ठेवलं, म्हणजे सांगितलं होतं याची नोंद राहील.

शटर खाली असलं की आत कोंडतं. मोठ्या दिव्यांची उष्णता, ओल्या गोणपाटाचा वास, साठ माणसांचा श्वास. मी दर थोड्या वेळाने किल्ली फिरवून बाहेर येतो आणि हवा घेतो. त्यांना येता येत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज अर्धा दिवस सुट्टी मागून घेतली. संध्याकाळी विहारात गेलो तिघं. वंदना झाल्यावर बायका रीमाभोवती जमल्या. सिनेमाचं विचारत होत्या. ती हात हलवून सांगत होती, बोट कशी कलते, पाणी कसं गार असतं, आणि मध्येच मोठ्याने हसली. माझ्या शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

ती इतक्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली.

घरी येताना मी म्हणालो, "आजच्या दिवशी असं हसतात का?" तिने धम्मदिनाचा हात धरला आणि उरलेला रस्ता पुढे पुढे चालली.

९ डिसेंबर, मंगळवार

उद्या दाराचा सीन. हेमालीने समजावून सांगितलं. हिरो नायिकेला शोधत खाली येतो. दाराच्या गजांतून रीमा त्याचा हात धरते आणि वाक्य म्हणते. तो हात सोडवून वर जातो.

"हात धरायचाय?" मी विचारलं.

"दादा, बुडणारी बाई आहे ती."

रात्री जेवताना रीमाला म्हणालो, उद्या अंगात बरं नाही म्हणून सांग. तिने मान वर केली. "का?"

"मी सांगतोय म्हणून."

"शिवणकाम सोडलं तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज अजिबात वाढवला नाही. "उद्या मी जाणार आहे."

धम्मदिना ताटात बघत राहिली.

१० डिसेंबर, बुधवार

दामू गेला.

रीमा दवाखान्यात. ठमाबाई पण.

पोलिसांनी विचारलं, मी सांगितलं. काय सांगितलं ते आत्ता लिहवत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

अकराच्या सुमारास दाराचा सीन चालू होता. दोन-तीनदा झाला. पुन्हा घ्यायचा म्हणून बोट कलती केली, तेव्हा एका साखळीचा हूक निसटला. बोट ठरल्यापेक्षा दुप्पट कलली. हौदाचं पाणी एका अंगाला आलं, दिव्याचा स्टँड पाण्यात पडणार म्हणून कुणीतरी मेन स्विच खाली केला. शटर बंद, त्यामुळे आत मिट्ट काळोख. शटर विजेवर चालणारं, ते उघडेना. माणसं लहान दाराकडे धावली. तिथे चेंगराचेंगरी झाली. दामू सर्वांत पुढे होता, दाराला लागून.

मी त्या वेळी दहा मिनिटं चहाला गेलो होतो.

रीमाच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. सगळे दाराकडे पळाले तेव्हा ती हौदातच राहिली. ठमाबाईचा पाय फळ्यांखाली अडकला होता. रीमा तिचं डोकं पाण्याच्या वर धरून उभी होती. दिवे आले तेव्हा दोघी तशाच सापडल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

शेठनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"तू पोलिसांना सांगितलंस ना, दाराला नुसती कडी होती?"

"हो. तुम्हीच फोनवर सांगितलंत तसं."

"तेच धरून राहा. कडी होती, कुलूप लावलेलं नव्हतं. अंधारात लोकांना कडी सापडली नाही, घाबरले. एवढंच. सोमवारी लेखी जबाब होईल, सही कर. कुलूप होतं म्हटलंस तर पहिला तू अडकशील. किल्ली कुणाकडे होती?"

माझा हात खिशाकडे गेला.

"खोलीचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझीच आहे ती. पोरीची परीक्षा आहे, मला कळतं."

ते माझ्या भल्याचंच बोलत होते असं मला वाटलं. बाहेर आल्यावर मात्र घरी जाववेना. जरा वेळ वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

१५ डिसेंबर, सोमवार

जबाब पुढे गेला. साहेब दुसऱ्या कामात आहेत, शनिवारी या म्हणाले.

रीमा काल घरी आली. हाताला प्लास्टर. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. "पाणी द्या." "खिडकी उघडा." दवाखान्यातही मी काय विचारलं तर "हं" म्हणायची. औषधांमुळे असेल.

दुपारी ठमाबाईचा नातू तिला रिक्षाने घेऊन आला. पाय सुजलेला, तरी रीमाला भेटायला आली. रीमाच्या उशाशी बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काल माज्याकडं एक जन आला व्हता. म्हनं लिवून दे, लोकं घाबरली, म्हनून झालं. मी त्याला म्हनलं, ह्ये मी आयकलंय."

"कुठे?"

"आय गेली तवा. मी सा वर्सांची व्हती. चौकशी झाली. खाली माजली गर्दी, लोकं एका अंगाला धावली, म्हनून लाँच बुडली, असं लिवलं. आमच्या लोकांना म्हाईत व्हतं, खलाशानं दाराला बाहेरनं आडना घातला व्हता. खालची लोकं वर यायला नकोत म्हनून. दाराचं कुटंच लिवलं न्हाय. आयला पवता येत व्हतं. खाडीत वाडली ती." सुजलेला पाय तिने हाताने सरळ केला. "लोकं म्हनत, तुजी आय घाबरली. माजी आय घाबरनारी न्हवती."

रीमा माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती.

१७ डिसेंबर, बुधवार

दामूच्या घरी गेलो. आठवडा झाला, जायला हवं होतं आधीच. एक खोली, पत्र्याचं छप्पर, दारात त्याची सायकल.

दामूच्या बायकोने पाणी दिलं. मग घडी घातलेला पेपर पुढे केला. बातमी चार ओळींची होती. एका कामगाराने आरडाओरडा करत दाराकडे धाव घेतल्याने गोंधळ उडाला, चेंगराचेंगरीत त्याचाच मृत्यू.

"भाऊ, लोकं येऊन हेच बोलतात. त्याच्यापायी बाकीच्यांना लागलं म्हणतात. काल एक जण दारात भांडून गेला, त्याच्या बहिणीचा हात मोडलाय." ती रडत नव्हती. "तो धक्का देणारा माणूस होता का? तुमच्याजवळ होता नऊ वर्षं. तुम्ही सांगा."

"नाही," मी म्हणालो.

"मग हे कुणी सांगितलं त्यांना?"

पाण्याचा पेला माझ्या हातात होता. मी तो पूर्ण प्यालो. खाली ठेवला. आणि येतो म्हणून उठलो.

१८ डिसेंबर, गुरुवार

अकरा तारखेचं मी बरोबर लिहिलेलं नाही. परत लिहितो.

मी चहाला गेलो नव्हतो.

सकाळपासून मी हौदाच्या कडेला उभा होतो. पहिल्यांदा रीमाने त्याचा हात धरला, वाक्य म्हणाली, आणि सगळे गप्प झाले. मुकादमसुद्धा. वाक्य संपल्यावरही कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्याच्या आधी दिवे नीट करत होते, तेव्हा तो हिरो तिला काहीतरी म्हणाला आणि ती हसली. विहारात हसली तशी. ओल्या लुगड्यात, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

मी बाहेर आलो. कुणालाही न सांगता. दार ओढलं आणि कुलूप लावलं. खरं तर मी जवळ असेन तरच कुलूप लावायचं असं ठरलं होतं. बाहेर जायचं तर किल्ली हेमालीकडे द्यायची. मी खिशात ठेवली. नुसत्या कडीने काम भागलं असतं. मी कुलूप लावलं.

मग चालत सुटलो. टपरी मागे गेली, तिथे थांबलो नाही. कशेळीच्या रस्त्याला लागलो. ट्रकची रांग लागली होती, त्यांच्या कडेकडेने चालत राहिलो. मनात बोलत होतो, आज घरी आली की सांगेन, उद्यापासून बंद.

फोन वाजला. हेमालीचं नाव दिसलं. मला वाटलं, किल्लीसाठी करत असेल. असू दे थांबून, असं वाटलं. उचलला नाही. परत वाजला. उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फोन बंदच केला.

परत फिरलो तेव्हा बारा वाजायला आले होते. गेटातून आत आलो तर पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज येत होता. पुष्कळ हात. मी धावलो. किल्ली आधी उलटीच लावली, मग सरळ. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. उघडल्याबरोबर माणसं माझ्या अंगावर आली. सगळ्यांत शेवटी, उंबऱ्याशी, खाली दामू होता. त्याचे दोन्ही हात दाराला लावलेले होते तसेच वर.

लूमवरचा एक जण खोकत खोकत मला म्हणाला, "वो सबको पीछे कर रहा था. बोल रहा था, हटो, साहब आते होंगे, चाबी साहब के पास है."

मी तुझा साहेब कधीपासून झालो, दामू. तू तर मला भाऊ म्हणायचास.

१९ डिसेंबर, शुक्रवार

धम्मदिना शाळेत गेल्यावर रीमासमोर बसलो आणि काल लिहिलेलं वाचून दाखवलं. सगळं. हसण्याचंही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही गेलात ते मी बघितलं होतं. दार लावलेलं पण बघितलं. पाण्यात उभी होते तेव्हा मला वाटत होतं, आता येतील. मग वाटलं, नाही येणार."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मी म्हणालो, उद्या जबाब आहे. खरं सांगितलं तर खोली जाईल. मला धरतीलही कदाचित. परीक्षेच्या तोंडावर धम्मदिनाचं...

"धम्मदिनाला मध्ये आणू नका," रीमा म्हणाली. "ठमाबाईच्या घरात मागची खोली रिकामी आहे. तिने आधीच विचारलंय. मी हो म्हटलंय." प्लास्टरचा हात तिने मांडीवर नीट ठेवला. "तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला पण उद्या बोलावलंय. माझं मी सांगणार."

दुपारी शेठना फोन केला. म्हणालो, "शेठ, कुलूप होतं, तेच सांगणार आहे." मग म्हणाले, "महिनाअखेर खोली रिकामी पाहिजे," आणि फोन ठेवला. दहावीचं त्यांना गेल्या शनिवारी कळत होतं.

२० डिसेंबर, शनिवार

साडेदहाला पोलीस ठाण्यात पोचलो, दोघंही. मला आधी आत बोलावलं. हवालदार वयाने माझ्याएवढाच होता. पहिल्या दिवशीचा कागद त्याच्यासमोर होता.

"दाराला कडी होती, बरोबर?"

"कुलूप होतं. मी लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती."

त्याने पेन खाली ठेवलं. "आधी कडी म्हणाला होतात."

"खोटं म्हणालो होतो."

"कुणी सांगितलं होतं तसं म्हणायला?"

मी शेठचं नाव सांगितलं. कुलूप लावायची ऑर्डर कुणी दिली, मागचं दार कशाने बंद होतं, कुणाकुणाला मी ते बोललो होतो, सगळं सांगितलं. दामूने कुणाला धक्का दिला नाही, तो लोकांना मागे सारत होता, हे दोनदा सांगितलं. माझ्यासमोर ते लिहून घ्या म्हणालो. त्याने लिहिलं.

"आणि त्या वेळी तुम्ही चहाला गेला होतात."

"नाही. बायकोवर रागावून निघून गेलो होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हे कशाला लिहायचं? याचा काय संबंध?"

"आहे संबंध. तेवढं लिहा."

"फोन आले होते तुम्हाला?"

"तीन. उचलले नाहीत."

त्याने लिहिलं. शेवटी वाचून दाखवलं. माझं नाव, वय, धंदा, आणि मग दीड पान. ऐकताना वाटलं, हा माणूस कुणीतरी दुसरा आहे आणि याला मी ओळखतो. सही केली. गावाबाहेर जायचं नाही, बोलावलं की यायचं, असं बजावून त्याने सोडलं. "पुढे काय होईल ते साहेब ठरवतील," म्हणाला.

मग रीमाचं नाव पुकारलं. मी तिच्याबरोबर उठलो, सवयीने. ती म्हणाली, "तुम्ही बसा."

ती आत गेली. दार लागलं.

मी बाकावर बसलो. समोर कुणीतरी पासपोर्टसाठी आलेलं होतं, कुणी हरवलेल्या मोटरसायकलसाठी. आतून रीमाचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मध्येच थांबायचा, परत चालू व्हायचा. माझ्याबद्दल काय सांगत असेल ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापुरतंच सांगत असेल की सोळा वर्षांचं, तेही माहीत नव्हतं. दार पाच पावलांवर होतं. मी उठलो नाही.

पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे लाल होते, चेहरा मोकळा होता. मी काही विचारलं नाही.

"चला," ती म्हणाली, "धम्मदिनाची शाळा सुटेल. नंतर दामूभाऊंच्या घरी जायचंय. त्यांच्या बायकोला मी सांगणार आहे, ते काय म्हणत होते शेवटी. मी ऐकलंय."

ती पुढे निघाली. मी मागून.